शून्य सेकंद

"एकहाती वापर आहे ताई, डॉक्टरांचा फोन," असं म्हणून जो माणूस समोर हँडसेट ठेवतो, त्याच्यावर मी आधी संशय घेते आणि मग फोनवर. मागचं झाकण काढायचं, स्क्रू बघायचे. खाचा झिजलेल्या असल्या की समजायचं, आत कुणीतरी हात घातलाय. बटणांवरचे आकडे पुसट आणि बॉडी मात्र चकचकीत, म्हणजे बॉडी बदललीय. "डॉक्टरसाहेब फोनचंच ऑपरेशन करायचे वाटतं," असं म्हटलं की विकणारा हसतो आणि भाव निम्म्यावर आणतो.

माझ्याकडे असे तीनशे बारा फोन आहेत. सगळे बटणांचे. विजेरीवाले, रेडिओवाले, सरकवून उघडायचे, आणि अँटेना बाहेर आलेले दोन. कोथरूडच्या माझ्या एका खोलीच्या फ्लॅटमध्ये ते पलंगाखाली, फ्रिजवर आणि कपड्यांच्या कपाटात राहतात. लग्न का करत नाहीस असं विचारणाऱ्याला मी सांगते, जागा नाही.

आमचा चाळीस जणांचा गट आहे, 'कीपॅडवाले'. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी जमतो, चार्जरच्या पिनांवरून भांडतो. गंमत अशी की आमच्यातल्या एकानंही हे फोन त्यांच्या काळात वापरलेले नाहीत. सगळ्यात मोठा नचिकेत हर्डीकर, तोसुद्धा तेव्हा तिसरीत होता. मॉडेलचे नंबर आम्हाला झोपेत विचारा. पण लोक त्या फोनवर नेमकं काय करत होते, ते सगळं ऐकीव.

म्हणून नचिकेतनं 'मागोवा' तयार केला तेव्हा आम्ही अक्षरशः नाचलो.

मागोवा म्हणजे चपलेच्या खोक्याएवढं यंत्र. तत्त्व फार अवघड नाही. फोनच्या मेमरीत कोट्यवधी बारीक कप्पे असतात, आणि कप्प्यात इलेक्ट्रॉन आहेत की नाहीत यावर काय लिहिलंय ते ठरतं. नोंद पुसली की इलेक्ट्रॉन बाहेर काढले जातात. पण सगळे जात नाहीत. थोडे कप्प्याच्या भिंतीत अडकून बसतात, वर्षानुवर्षं. पाटीवरचं ओल्या फडक्यानं पुसलं तरी पाटी उजेडात तिरकी धरली की आधीचं अंधूक दिसायचं म्हणतात ना, तसंच. मागोवा त्या भिंती थराथरानं वाचतो. हे फोन शेवटचे वीसच कॉल दाखवायचे. एकविसावा आला की पहिला पुसला जायचा. मागोवा त्याच वीस जागांखालचे हजारो जुने कॉल वर काढतो. नंबर, तारीख, वेळ आणि बोलणं किती सेकंद झालं. तेवढंच. आवाज नाही, निरोप नाहीत.

पहिल्या वर्षात आम्ही चारेकशे फोन वाचले आणि एक चमत्कारिक गोष्ट दिसली. त्या काळच्या दर दहा कॉलपैकी सहा-सात कॉल शून्य सेकंदांचे! लावलाय, पण बोलणं नाही. आम्ही विद्वानांनी त्यावर लांबलचक लेखही लिहिला, त्या काळचं नेटवर्क किती भिकार होतं त्यावर. दोन आलेख मीच काढून दिले होते.

तोवर मागोवा बाहेर विकला जाऊ लागला होता, आणि लोक घरातले जुने फोन घेऊन रांगा लावायला लागले. हौस म्हणून यायचे आणि तोंडं पाडून जायचे. कोण कुणाला रोज दुपारी फोन करत होतं, हे चाळीस वर्षांनी कळून भलं कुणाचं होणार? नाशिकच्या एका बाईंनी सत्तरीतल्या नवऱ्याशी बोलणं टाकलं. जुन्या बाजारात 'मागोवा न लावलेला' अशी चिठ्ठी चिकटवून फोन जास्त भावानं जायला लागले. मला याचं हसू यायचं. माझ्यावर वेळ येईपर्यंत.

माझी आई, रोहिणी निकम, मी सव्वा वर्षाची असताना अपघातात गेली. तासगावच्या एका शाळेत शिक्षिका होती, सांगलीहून रोज स्कूटीनं जायची. सतरा नोव्हेंबर २००९ ला संध्याकाळी कवलापूरच्या पुढं कुठल्यातरी गाडीनं तिला उडवलं. गाडी सापडली नाही. उसाच्या हंगामात त्या रस्त्यावर काय कमी ट्रॅक्टर असतात? आई रस्त्याच्या कडेला पाऊण तास पडून होती. हे मला मामाकडून कळलं. पप्पा त्या दिवसाबद्दल कधीच बोलले नाहीत. मला तिचा आवाज आठवत नाही. तिनं आवाज रेकॉर्ड करून ठेवावा असं कुणाला तेव्हा वाटलं नसणार.

यंदा संक्रांतीला मी इस्लामपूरला मिलिंदमामाकडे गेले होते. जेवण झाल्यावर मामानं कपाटातून प्लास्टिकची पिशवी आणली. "पोलिसांनी परत दिलेलं सामान. तुझ्या बापानं घेतलं नाही, म्हणून माझ्याकडं राहिलं. तुला हे असलं आवडतं ना?"

पिशवीत आईचा फोन होता. निळसर राखाडी, कोपऱ्यावर चीर गेलेला. बॅटरी फुगली होती. मी सवयीनं मागचे स्क्रू बघितले. एकाही खाचेवर ओरखडा नव्हता.

"मामा, हा मला आधी का नाही दिलास?"

"काय करणार होतीस देऊन?" मामा म्हणाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "हा बंदच पडलेला, म्हणून पोलिसांनी तेव्हा तुझ्या बापाला विचारलं, बाईंचा फोन आला होता का. तर म्हणाला, नाही. मला ते कधी पटलं नाही गं. रोहिणी पडल्या पडल्या त्याला फोन केल्याशिवाय राहिली असती होय?"

मामाचं आणि पप्पांचं तसंही जमत नाही. मी त्याचं बोलणं उडवून लावलं आणि फोन पर्समध्ये टाकला. पण पुण्यापर्यंतच्या प्रवासात हात सारखा पर्सवरच होता.

नचिकेतला सांगितलं नाही. गटाचं यंत्र माझ्याकडेच ठेवलेलं होतं. शनिवारी सकाळी दार लावून बसले, बोर्ड काढला, चिमटे लावले. चार तासांनी यादी पडद्यावर आली.

मामाला फोन: तीन मिनिटं, सात मिनिटं, एकदा तर एकवीस मिनिटं. मैत्रिणींना, शाळेच्या बाईंना, सगळीकडे व्यवस्थित बोलणं. आणि एक नंबर असा, की ज्यावर दोन वर्षांत हजाराहून जास्त कॉल. शाळेच्या प्रत्येक दिवशी तीन. सकाळी साडेदहाच्या सुमारास, संध्याकाळी सव्वापाचला, आणि पुन्हा पावणेसहाला. बोललेला वेळ शून्य. शून्य. शून्य. बोटावर मोजण्याइतके कॉल सोडले तर सगळे शून्य.

तो नंबर मला पाठ आहे. पप्पांचा. अजून तोच आहे.

आता नेटवर्कचं कारण कसं सांगणार? मामाला फोन लागतो, मैत्रिणीला लागतो, आणि नवऱ्यालाच लागत नाही, दोन वर्षं? म्हणजे नवरा उचलत नव्हता. बायको दिवसातून तीनदा फोन करतेय आणि हा माणूस कापतोय किंवा वाजू देतोय. मी यादीच्या तळाला गेले, शेवटच्या दिवसावर.

५.१७, शून्य. ५.४४, शून्य. ५.४६, शून्य.

त्या संध्याकाळी दोन नाही, तीन कॉल होते. दोन वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. आणि त्यानंतर तिनं लावलेला एकही कॉल नव्हता.

पप्पांनी पोलिसांना सांगितलं होतं, फोन आला नाही.

संशय एकदा घरात आला की तो प्रत्येक भांड्यात हात घालतो. मला एकेक आठवायला लागलं. पप्पांनी आईचा फोटो शिलाईच्या मशीनसमोर नाही, पाठीमागच्या भिंतीवर लावलाय, म्हणजे काम करताना दिसू नये असा. तिच्या वर्षश्राद्धाला ते घरी थांबत नाहीत, हरिपूरला जाऊन नदीकाठी बसतात. दुसरं लग्न केलं नाही, याचं सगळ्यांनी कौतुक केलं. मला आता वाटलं, कशावरून तिसरी कुणी नव्हतीच? आणि ते फोन उचलणं! माझे पप्पा जगात कुणाचाही फोन पहिल्या घंटेला उचलतात. विम्याचा असो, रोबोटचा असो, तोंडात घास असो. लहानपणी मला त्याचा अभिमान वाटायचा. आता वाटलं, हा माणूस तेव्हा का नव्हता उचलत?

त्यांचा फोन आला. मी घेतला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, तोही नाही. 'मीटिंगमध्ये आहे' असं लिहून पाठवलं. तीन आठवडे मी हेच केलं. खरं सांगते, मला त्यात थोडं बरंसुद्धा वाटत होतं. वाजू दे, कळू दे कसं वाटतं ते.

शेवटी मीच थकले. एका बुधवारी रजा टाकली आणि दुपारी सांगलीत उतरले.

पप्पांचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. 'सुहास टेलर्स', पाटी अजून तीच. आजकाल अंगाची मापं फोनचा कॅमेरा घेतो आणि कपडे कारखान्यातून शिवून येतात, पण काही म्हातारी गिऱ्हाइकं अजून पप्पांकडेच येतात. ते एकटेच होते, पायजम्याला नाडीची पट्टी घालत.

"आलीस? कळवायचं तरी," ते उठले. "बरी आहेस ना? एकोणीस फोन केले गं मी तुला. काल मामालासुद्धा केला, विचार कर, मिलिंदला!"

"पप्पा, बसा."

मी छापून आणलेली यादी कापडावर ठेवली. त्यांनी चष्मा लावला. मी ठरवलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. फोन कुठून आला, यंत्र काय करतं, कोण कुणाला किती वेळा. "दोन वर्षं ती तुम्हाला फोन करत होती आणि तुम्ही एकदा म्हणून उचलत नव्हता. का? काय केलं होतं तिनं तुमचं?"

पप्पांनी पहिलं पान वाचलं, मग दुसरं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती येईल याची मी वाट बघत होते. पण ते हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

"अगं वेडे, हे मिस कॉल आहेत!"

"मिस कॉल म्हणजे? नंबर सेव्ह करायला मारतात तो?"

"तुला कोण शिकवणार हे! अगं, उचललं की पैसे पडायचे. न उचलता कट केलं की फुकट. मग काय, अख्खा महाराष्ट्र मिस कॉलवर चालायचा. एक घंटा मारायची आणि कट. समोरच्यानं समजून घ्यायचं." पप्पा बोटानं यादीवर दाखवायला लागले. "हा साडेदहाचा, 'पोचले शाळेत'. हा सव्वापाचचा, 'निघाले'. आणि हा पावणेसहाचा, कवलापुरात भाजी घ्यायला थांबायची, तिथून. 'चहा टाका' म्हणून. मी इथून उठायचो, चहा टाकायचो, पातेलं उकळतंय तोवर स्कूटी दारात. चुकून उचलला की काय बोलायची! 'रुपया वर आलाय का तुमचा?' म्हणायची."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चारशे फोन वाचलेली मी, आलेख काढणारी मी. सबंध गटात एकालाही घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावंसं वाटलं नव्हतं. इतक्या माणसांच्या 'पोचले'ला आम्ही नेटवर्कचा बिघाड म्हणून छापून मोकळे झालो होतो. आणि नाशिकच्या त्या म्हाताऱ्याचं काय केलं होतं आम्ही?

"पप्पा, माझं चुकलं," मी म्हणाले. मनापासून म्हणाले. त्यांचा हात धरला.

ते अजून हसत होते, पानं उलटत होते. कुठल्या दिवशी आईला सुट्टी होती, कुठल्या दिवशी ती शाळेच्या सहलीला गेली होती, हे त्यांना तारखांवरून आठवत होतं. मग शेवटचं पान आलं, आणि हसणं थांबलं.

मला गप्प बसता आलं असतं. पण मी ज्या स्वभावाची आहे त्या स्वभावाची आहे. उघडी राहिलेली गोष्ट मला दिसली की तिथं हात गेल्याशिवाय राहत नाही.

"सव्वापाचचा 'निघाले'," मी हळूच म्हटलं. "पाच चव्वेचाळीसचा 'चहा टाका'. मग हा सेहेचाळीसचा कसला?"

पप्पांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातलाच नाही.

"मामा म्हणतो, तुम्ही पोलिसांना सांगितलंत की फोन आला नव्हता."

"सांगितलं," ते म्हणाले. "खोटं सांगितलं."

बाहेरून भंगारवाला ओरडत गेला. तो गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत पप्पा थांबले.

"तू तिथं होतीस, त्या कोपऱ्यात. साडीच्या झोळीत. मी चहा टाकून आलो आणि तुला झोका देत होतो. तेवढ्यात फोन परत वाजला. एक घंटा झाली. दोन झाल्या. मला वाटलं, कट करायला विसरली की काय ही. भाजीवाल्याला पैसे देत असेल, बटण दाबलेलंच राहिलं असेल. हात मोकळा होता गं माझा. फोन तिथं कात्रीशेजारी होता. मी बघितलं, तिचं नाव होतं. आणि उचलला नाही. उचलला की बोलेल, रुपया गेला म्हणून. हसलोसुद्धा मी. वाजून वाजून बंद झाला."

"मग?"

"मग चहा झाला. गाळला. झाकून ठेवला. दहा मिनिटांनी मी फोन केला, तिनं घेतला नाही. म्हटलं, गाडीवर असेल. साडेसहाला तुला शेजारच्या काकूंकडं देऊन निघालो. तिथं गर्दी होती." त्यांनी पायजम्याची पट्टी दोन्ही हातांनी सपाट केली. "डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला पाहिजे होतं. इथून कवलापूर पंधरा मिनिटं आहे. मिलिंदला मी हे कुठल्या तोंडानं सांगणार होतो?"

या माणसानं मला एकट्यानं वाढवलं, माझ्या शाळेच्या गणवेशाला दोन आतले खिसे शिवले, आणि तेहतीस वर्षं हे छातीशी धरून ठेवलं. आणि मी त्याला तीन आठवडे वाजत ठेवलं होतं.

पप्पांनी यादीतल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "गार्गे, तुझं यंत्र एवढं सांगतं. हा किती वेळ वाजला, ते सांगतं का?"

त्यांच्या विचारण्यात एवढीशी आशा होती, आणि तीच मला सहन झाली नाही. मागोवा हे सांगू शकत नाही. फोनच्या मेमरीत बोलण्याचे सेकंद जातात. वाजण्याचे कुठंच लिहिले जात नाहीत. जगातल्या कुठल्याही यंत्राला ते आता काढता येणार नाही.

"सांगतं," मी म्हणाले. "एकच घंटा, पप्पा. दोन सेकंदांत कट. चुकून दुसऱ्यांदा दाबलं गेलं असणार तिच्याकडून. तिनं मदतीसाठी केलेलाच नाही तो."

"नक्की?"

"नक्की. यंत्रात स्पष्ट आहे."

"मग मला अजून ऐकू येते ती घंटा कुठली?"

त्यांनी हे भांडल्यासारखं विचारलं नाही. खरोखरच विचारलं, एखाद्या लहान पोरानं विचारावं तसं. मला वाटलं होतं, मी त्यांना सोडवतेय. आणि मी तर त्यांच्याजवळ उरलेली तिची शेवटची गोष्टसुद्धा खोटी ठरवत होते.

"मी खोटं बोलले," मी म्हणाले. "यंत्राला ते कळत नाही. ते फक्त तुम्हाला माहिती आहे."

पप्पांनी मान हलवली. रागावले नाहीत.

"सांगा मला," मी म्हणाले. "किती वेळ वाजला?"

"आता काय सांगायचं त्यात."

"मीही होते ना तिथं? मला आठवत नाही म्हणून काय झालं. सांगा."

त्यांनी घसा खाकरला. दोनदा सुरू केलं आणि दोनदा थांबले. मग बोटांनी लाकडी फळीवर ठेका धरून ते त्यांच्या जुन्या फोनची धून गुणगुणायला लागले. साधीच होती, आठ-दहा सुरांची, एका पट्टीतली, तेव्हाच्या स्वस्त फोनात असायची तशी. एकदा संपली. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरली. पुन्हा संपली. तिसऱ्या खेपेला त्यांचा आवाज फुटला, मला वाटलं आता पुरे म्हणावं, पण त्यांनी मान हलवून मला गप्प केलं आणि चौथ्यांदा सुरुवात केली. ते एक सूरही गाळत नव्हते. मी हलले नाही. पाचव्यांदा धून अर्ध्यावर आली आणि ते एकदम थांबले.

"एवढा," ते म्हणाले.